मुलुंडच्या बारीत फाटलेली पुडी

सखाराम, तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मंडळाने मला सांगितलं आहे. स्मरणिका निघणार आहे. मंडळातल्या गणूने एका चिठ्ठीवर मुद्देही लिहून आणले: माळकरी, मनमिळाऊ, आरे कॉलनीतल्या तबेल्यात तीस वर्षं नोकरी, शांत स्वभाव. शेवटी लिहिलंय, 'मृदंगाची आवड होती.' आवड होती. जशी कुणाला पत्त्यांची असते. मी चिठ्ठी घडी करून ठेवली आणि म्हटलं, लिहितो, पण मला लिहायचं तेच लिहीन. "बुवा, तुम्ही लिहाल ते झकासच असणार," असं म्हणून तो गेला.

तुझं तेरावं होऊन चार दिवस झालेत. तू कधी जन्मलास, कोणत्या गावचा, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते गणू लिहील. मला एकच गोष्ट लिहायची आहे. ती मी सहा वर्षांपूर्वीच बोलायला हवी होती. निदान तू ऐकू शकत होतास तोवर तरी.

नव्या पोरांना आपण कोण होतो हेही माहीत नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. मी मरोळच्या मंडळाचा बुवा, म्हणजे पेटी घेऊन पुढे बसणारा आणि गाणारा. तू माझा मृदंगवाला. चौदा वर्षं माझ्या डाव्या हाताला तू बसलास. दर शनिवारी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत भजन, आणि कुठून बोलावणं आलं की डबलबारी. समोरासमोर दोन मंडळं, एकदा त्यांच्या बुवाने गायचं, एकदा आपल्या, आणि गाता गाता एकमेकांचे कपडे फाडायचे. लोक येतात ते देवासाठी, असं आपण म्हणतो. लोक येतात ते कोण कुणाची जिरवतो ते बघायला.

तू तबेल्यातून थेट यायचास. दुपारची म्हशींची धार काढून, हात तीन-तीनदा धुऊन. तरी तुझ्या अंगाला दुधाचा एक आंबूस वास असायचा आणि मी मुद्दाम रुमाल नाकाशी धरायचो. तू हसायचास. "बुवानू, म्हशी तुमच्यापेक्षा बऱ्या. सुरात हंबरतत." मग डब्यातून गव्हाची कणीक काढून मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापायचास. कणीक तूच भिजवायचास. दुसऱ्या कुणी भिजवलेली तुला चालायची नाही; घट्ट झाली, सैल झाली, तुझं काही ना काही असायचंच. भजन सुटलं की ती खरवडून कागदात बांधायचास आणि सकाळी एका म्हाताऱ्या म्हशीला घालायचास. मी एकदा म्हटलं, "फेक की रे." तू म्हणालास, "देवापुढे वाजलेली आसा ती." मग थोडं थांबून, "आणि तिका आवडता."

मला तू आवडायचास. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी तुझा द्वेषच करत होतो. दोन्ही खरं आहे.

द्वेष कुठे सुरू झाला तेही मला नेमकं माहीत आहे. घाटकोपरला टेकडीवरच्या चाळींत बारी होती. माझी तिथली पहिलीच. मंडप भरलेला, गावाकडचे ओळखीचे चेहरे पुढे. अभंगाचा दुसरा चरण झाला आणि तिसरा माझ्या डोक्यातून गेला. साफ गेला. मी तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. हात उचललास आणि वाजवायला लागलास. एक आवर्तन, दोन, चार. तुझी बोटं मृदंगाच्या काळ्या शाईवर अशी पडत होती की पुढची माणसं गुडघ्यांवर उठली. झांजवाले थांबून बघत राहिले. दहा-बारा आवर्तनं तू मंडप डोक्यावर घेतलास, आणि मला चरण आठवला तेव्हा माझ्या श्वासावरूनच तुला कळलं. तू समेवर मला जागा करून दिलीस. टाळ्यांचा कडकडाट झाला. बुवाने मृदंगवाल्याला काय सुंदर मोकळीक दिली, असं लोक म्हणाले.

त्यानंतर तू त्यावर एक अक्षर बोलला नाहीस. चहा पितानाही नाही, परतीच्या बसमध्येही नाही, पुढे कधीच नाही. तू थट्टा केली असतीस तर मी सुटलो असतो. तू मला वाचवलंस आणि ते विसरून गेलास. मी मात्र विसरू शकलो नाही. प्रत्येक शनिवारी पेटी उघडताना माझ्या मनात यायचं, याला ठाऊक आहे.

मग लोक तुला मृदंगमणी म्हणायला लागले. बारीच्या फलकावर माझ्या नावाखाली तुझं नाव, मग माझ्या नावाएवढंच मोठं. भांडुपला एक म्हातारा मला नमस्कार करून म्हणाला, "बुवा, तुमचं चालू द्या, पण मध्ये मध्ये थांबत जा. त्याचं ऐकू येत नाही." सगळे हसले. मीही हसलो. तू पुढे होऊन त्याला म्हणालास, "बुवा आहेत म्हणून मी आहे." हे तू मनापासून बोललास, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

आता मुलुंड.

माघातली सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा, बारी दुपारी चारला. समोर परशुरामबुवा. तोंडाळ माणूस, पण गळा मोठा. त्यांचा सूर पांढरी दोन, माझा काळी एक. पेटीच्या पट्ट्यांवर शेजारी शेजारी, फरक फक्त अर्ध्या सुराचा. पण बुवा ज्या सुरात गातो त्याच सुरात मृदंगाची उजवी पुडी, म्हणजे उजव्या तोंडावरचं कातडं, ताणून लावावी लागते. अर्धा सूर इकडेतिकडे झाला तर सबंध मंडपाला कुठेतरी खडा लागतो. का ते लोकांना सांगता येत नाही, पण त्यांची नजर मृदंगवाल्याकडे जाते. पेटी चुकली असं कुणी म्हणत नाही. पेटी कधी चुकत नाही.

मंडपामागे तू मृदंग लावत बसला होतास. हातोडीने कडेच्या चामड्याच्या गजऱ्यावर ठोकत, कान पुडीला लावून. मला म्हणालास, "बुवानू, पुडी आता संपत इली. कडेक बारीक चीर दिसता. शिमग्याक गावी गेलंय की नवीन मढवून हाडतंय. तोवर काळी एकच्या वर एक केस ओढूची नाय." मी म्हटलं, "मी कुठे वर जातोय?"

हे तू मला सांगितलं होतंस. इतर सगळं मला एखादवेळी पचवता येईल, हे येत नाही.

त्या वर्षी आपल्याकडे नवी पेटी आली होती. स्केल चेंजर. पुढच्या बाजूला एक खटका. तो ओढून पट्ट्यांची फळी सरकवली की बोटं त्याच पट्ट्यांवर राहतात आणि सूर अर्ध्याने चढतो. बघणाऱ्याला काही दिसत नाही.

पहिली फेरी आपली झाली ती काळी एकमध्येच. त्या दिवशी तू घाटकोपरपेक्षाही बरा वाजवलास. लोकांनी तुझ्यासाठी 'पुन्हा, पुन्हा' केलं. माझ्यासाठी नाही. मग परशुरामबुवांची फेरी सुरू झाली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मी पेटीवर उपरणं टाकलं आणि उपरण्याखाली हात घालून खटका ओढला. मी शांत होतो. पुडी फाटेल असं मला वाटलं होतं का? मी स्वतःला सहा वर्षं सांगत आलो की नाही, नुसता तू जरा बेसूर वाटावास, एवढंच. खोटं आहे. चीर माझ्या डोक्यात होती.

आपली फेरी आली. मी सूर धरला, तू पहिली थाप मारलीस, आणि तुझा हात हवेतच राहिला. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. पेटीत काही बिघाड झालाय आणि तो मला सांगावा कसा, असं बघितलंस. मी डोळे मिटून गायला लागलो, जणू देवात रंगलो आहे.

तू दोन आवर्तनं तशीच वाजवलीस. पुढे कुणीतरी फिसकन हसलं. "मृदंगाला सर्दी झाली काय रे?" मग तू हातोडी घेतलीस. दोन ओळींच्या मधल्या फटीत एक ठोका, पुन्हा ताल, पुन्हा एक ठोका. तुला माहीत होतं ती वर जाणार नाही. पण बुवा गातोय आणि मृदंग खाली वाजतोय हे तुला सहन होण्यासारखं नव्हतं. बुवाने चुकीचा सूर धरला तरी मृदंगाने तो गाठायचा, असं तुला तुझ्या गुरूने शिकवलं होतं. दुसरा कुणी मृदंग बाजूला ठेवून उठला असता. तू ठोकत राहिलास. चौथ्या की पाचव्या ठोक्याला पुडी गेली. फार मोठा आवाज झाला नाही. वाळलेलं पान पायाखाली येतं तेवढाच.

मंडप हसला.

भर बारीत पुडी फाटणं म्हणजे काय, ते आपल्यातलाच माणूस जाणे. परशुरामबुवांनी लगेच आपला जादा मृदंग आपल्याकडे पाठवला. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. तू हात पुढे केलास. मी म्हटलं, "तू राहू दे. गणूला दे." गणू तेव्हा टाळ वाजवायचा, मृदंगावर जेमतेम हात बसला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं, "घे रे, उशीर होतोय." तू फाटलेला मृदंग मांडीवरून उतरवलास आणि मागे झीलवाल्यांत, माझ्यामागून ओळ उचलणाऱ्यांत, जाऊन बसलास. टाळ कुणी दिला नाही, म्हणून नुसते हात जोडून.

मग परशुरामबुवांनी त्यांच्या गजरात, फेरीच्या शेवटच्या चढ्या गाण्यात, तुला घेतलं. ते घेणारच, बारीच आहे ती.

मांडीवर मडकं, वर फडकं,
बुवा सांगे मृदंग आहे;
पहिल्या थापेला पडलं भोक,
त्यातून अख्खं मरोळ दिसत आहे.

लोक लोळले. आणि इथे रिवाज असा की, समोरच्याने आपल्या मृदंगवाल्यावर काही म्हटलं तर आपल्या बुवाने पुढच्या गजरात त्याला परत द्यायचं. आपला माणूस कितीही चुकलेला असो. गजर सुचत नसेल तर निदान दोन शब्द बोलायचे. तू मान वर करून वाट बघत होतास. मला उत्तर सुचलं होतं, चांगलं सुचलं होतं. मी ते गायलो नाही. मी परशुरामबुवांना हात जोडून म्हटलं, "आज तुमचं खरं आहे," आणि सगळ्यांबरोबर हसलो.

पुढच्या शनिवारी खोलीत बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष नाना भिंतीला टेकून बसले होते, पंधरा-वीस माणसं होती. तू उशिरा आलास आणि बसला नाहीस. उभ्यानेच विचारलंस, "बुवानू, त्या दिवशी दुसऱ्या फेरीक सूर खयचो धरलात?"

"काळी एक. रोजचाच," मी म्हटलं.

"मग परशुरामबुवांचो मृदंग तुमच्या पेटीक कसो लागलो? तो पांढरी दोनचो. गणून त्येका हातोडी लावक नाय."

सगळे तुझ्याकडे बघत बसले. तू सगळ्यांसमोर पुरावा ठेवला होतास आणि तो इतका साधा होता की कुणालाही कळावा. मी गणूकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "त्यांनी तो काळी एकला उतरवून दिला होता. मुलुंडला जाऊन विचार जा." मला ठाऊक होतं, तू जाणार नाहीस. समोरच्या मंडळाच्या दारात आपल्या बुवाविरुद्ध साक्ष मागायला जाणारा माणूस तू नव्हतास. आणि तेवढ्यावर माझं भागलं नाही. मी म्हटलं, "तू त्या दिवशी तबेल्यातून थेट आलास. वाटेत काय घेऊन आलास ते तुझं तुला ठाऊक."

तुझ्या गळ्यात तुळशीची माळ. दारूचा थेंब तू कधी घेतला नाहीस हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तुझा हात माळेवर गेला. नाना म्हणाले, "जाऊ दे सखाराम, होतं माणसाकडून." म्हणजे तुझ्याकडून. तू फाटलेला मृदंग काखेत मारलास, देवळाच्या पायरीला हात लावलास आणि गेलास.

पुन्हा आला नाहीस. मरोळमध्ये लोक तुला पुडी म्हणायला लागले. "पुडी चालली धारेला." तुझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाचा मामा मुलुंडचा निघाला. तो पंगतीत मोठ्याने म्हणाला, "व्याह्यांनी मुलीला तरी नीट मढवून पाठवलंय ना?" मी त्याच पंगतीत होतो. जिलबी माझ्या तोंडात होती. तू वाढत होतास आणि तुझ्या हातातली पळी जराही हलली नाही. मला तू आग्रह करून दुसरी जिलबी वाढलीस. मी खाल्ली.

सहा वर्षं आरेच्या रस्त्यावर, दुधाच्या केंद्रावर, बसस्टॉपवर तू दिसायचास. "राम राम बुवानू." मी मान हलवायचो. तू कधी भांडला असतास तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. आता कळतं, तू भांडलाच होतास, त्या खोलीत, एकदाच, आणि उत्तराची वाट बघत होतास.

हॉस्पिटलात मी आलो तो तुझी तब्येत विचारायला नव्हे. आता राहिलं थोडंच, असं गणूने सांगितलं आणि मला भीती वाटली की तू हे घेऊन जाशील आणि मी अडकून बसेन. शेवंतावहिनी स्टुलावरून उठून बाहेर गेल्या. मी खाली वाकून हळूच म्हटलं, "सखाराम, त्या दिवशी खटका मी ओढला होता."

तू छताकडे बघत होतास. तुझे हात चादरीवर होते. किती बारीक झाले होते ते हात.

"हंय नको," तू म्हणालास. "जंय बोललात, थंय बोला."

मी म्हटलं, शनिवारी खोलीत, सगळ्यांसमोर बोलतो. नक्की बोलतो. तू डोळे मिटलेस. मला वाटलं तू खूश झालास. मी बाहेर येऊन चहा प्यायलो आणि मला इतकं हलकं वाटलं की मी गुणगुणत घरी गेलो. लाज वाटते, पण गेलो खरा.

शनिवारी खोली भरली होती. गावाहून पाहुणे आले होते, नानांचा जावई होता. मी ठरवलं, सुरुवातीचं रूप झालं की बोलू. मग ठरवलं, अभंग झाला की. मग गौळण फार रंगली. गौळण संपली आणि लोक 'वा बुवा' म्हणाले, आणि त्यावर मी ते कसं बोलणार होतो? म्हटलं, पुढच्या शनिवारी. तू मंगळवारी गेलास.

रविवारी गणू तुला भेटायला आला होता. हे मला वहिनींनी दहाव्या दिवशी सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. तू उशीवरून मान उचललीस आणि गणूला विचारलंस, "काल बुवा काय बोलले?" गणू म्हणाला, "गौळण झकास झाली." तू म्हणालास, "होय?" आणि भिंतीकडे कूस वळवलीस. नंतर दोन दिवस तू कुणाशीच बोलला नाहीस, असं वहिनी म्हणाल्या.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली असती तर तू दिली असतीस की नाही, हेही मला ठाऊक नाही. तू साधा होतास, पण मऊ नव्हतास. तुला माफी नकोच होती. तुला बैठकीचं उत्तर हवं होतं, बैठकीत.

इथवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं. पुढचं आज लिहितो आहे, कारण मधे शनिवार होऊन गेला.

मी ही पानं घेऊन खोलीत गेलो. शेवंतावहिनींना मी स्वतः जाऊन बोलावलं होतं. त्या दाराशी बायकांत बसल्या. नाना भिंतीला टेकून होते. त्या बैठकीला होती त्यातली बहुतेक माणसं होती, जी नव्हती ती मेली किंवा गावी गेली. गणू माझ्या डाव्या हाताला, मृदंग मांडीवर. मी पेटी उघडली नाही. म्हटलं, आधी मला वाचायचं आहे. आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं, खटका, चीर, माळ, जिलबी, सगळं. आवाज कुठे अडकला नाही. चाळीस वर्षं बुवागिरी केल्यावर आवाज अडकत नाही.

वाचून झाल्यावर मी मान वर केली. मला वाटलं होतं, कुणी उठून जाईल, कुणी शिव्या देईल. एकाने तरी माझ्या अंगावर यावं, अशी माझी तयारी होती. मी बायकोला सांगूनही आलो होतो की आज माझं पेटीवरचं बसणं संपलं.

नानांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "बुवा," ते म्हणाले, "आम्हाला कान नव्हते काय?"

मला आधी कळलंच नाही.

"सूर चढला तो झील धरणाऱ्या सगळ्यांना कळला. आमचे गळे होते तिथे. गणूला विचारा, त्याने मृदंग मांडीवर घेतला तेव्हाच त्याला कळलं."

मी गणूकडे बघितलं. तो कणीक नखाने सारखी करत होता. "कळलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत कुणी?" मी विचारलं. माझाच आवाज मला चढलेला वाटला, जणू माझ्यावरच अन्याय झाला होता.

"तेव्हा संप चालू होता," नाना म्हणाले. "अर्ध्या मंडळाच्या गिरण्या बंद. माणसं दिवसभर चाळीच्या पायरीवर बसून असायची. शनिवारचं भजन तेवढं उरलं होतं. तुम्ही गेला असतात तर मंडळ बसलं असतं. बुवा मिळत नाही. मृदंग वाजवायला कुणीतरी मिळतो." मग ते म्हणाले, "सखारामालाही मी तेच सांगितलं होतं. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, तबेल्यात जाऊन."

म्हणजे सखाराम, तुला हेही ठाऊक होतं. मी एकटाच खोटं बोललो नव्हतो. पंधरा-वीस माणसं तुझ्याकडे बघत बसली होती, सगळ्यांना खरं माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की तुझ्यावाचून चालेल. तरी तू सहा वर्षं त्यांनाही 'राम राम' घातलास. आणि शेवटी हॉस्पिटलात माझ्याकडून जे मागितलंस ते त्यांना काही कळावं म्हणून नव्हे. त्यांना कळलेलं होतं. कुणीतरी एकदा तोंडाने म्हणावं, एवढंच.

दाराशी वहिनी उठल्या. पदर खांद्यावर घेतला, चपला शोधल्या. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, प्रसाद घेऊन जावा." त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली, भिंतीला टेकलेल्या प्रत्येक माणसावरून, सावकाश, मोजल्यासारखी. माझ्यावर ती जास्त थांबली नाही. इतरांइतकीच राहिली.

"ह्या त्यांका सांगूचा होता," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्या गेल्यावर नानांनी चष्मा चढवला. मागे कुणीतरी उदबत्ती लावली. गणूने मृदंगावर हलकी थाप मारून बघितली आणि माझ्याकडे वळला.

"बुवा," तो म्हणाला, "सूर द्या."

मी पानं मांडीखाली सारली, पेटी पुढे ओढली आणि दिला.